अंतर्वक्र भिंगाची वास्तव प्रतिमा

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आधीच बजावलं होतं की नोकरीबद्दल बोलायचं नाही, छंदाबद्दल बोला. बरं झालं. सॉफ्टवेअरमध्ये मी नक्की काय करते हे मला आईला इतक्या वर्षांत समजावता आलेलं नाही, तुम्हाला वीस मिनिटांत काय समजावणार? म्हणून आज कॅमेऱ्याबद्दल बोलते. तेही अख्ख्या कॅमेऱ्याबद्दल नाही. माझ्या हातात हे जे काळं नळकांडं आहे, कटिंग चहाच्या ग्लासाएवढं, त्याच्याबद्दल. याला टेलिकन्व्हर्टर म्हणतात. कॅमेरा आणि लेन्स यांच्या मध्ये हे बसवलं की १५० मिलिमीटरची लेन्स ३०० ची होते. दूरचं दुप्पट मोठं दिसतं.

पण मला याची गंमत वाटते ती वेगळ्याच कारणासाठी. आपल्या विज्ञानाच्या बाई पुढच्या रांगेत बसल्या आहेत. बाई, तुम्ही आमच्याकडून एक नियम घोटून घेतला होता: अंतर्वक्र भिंगाने मिळणारी प्रतिमा आभासी, सुलटी आणि वस्तूपेक्षा लहान असते. परीक्षेत दोन गुण हमखास. आता या नळकांड्यात बरीच भिंगं आहेत, पण सगळ्यांचा एकत्रित परिणाम अंतर्वक्र भिंगाचा आहे. आणि ते फिल्मवर जी प्रतिमा पाडतं ती वास्तव असते, आणि दुप्पट मोठी. म्हणजे आपण पाठ केलेल्या नियमाच्या बरोबर उलट!

बाई, नियम चुकीचा नव्हता. त्याला एक अट होती, आणि दहावीला त्या अटीची गरज पडत नाही. अट अशी, की भिंगासमोर खरी वस्तू हवी. मेणबत्ती, झाड, काहीही, जिच्यापासून किरण पसरत येतात. कन्व्हर्टरच्या पुढ्यात अशी वस्तू नसते. त्याच्या पुढे आधीच एक लेन्स असते, आणि तिने किरण एकत्र यायला लावलेले असतात. ते एका ठिकाणी मिळणार, तेवढ्यात वाटेत हे अंतर्वक्र भिंग आडवं येतं. ते किरणांना थोडं पसरवतं, पण पूर्ण नाही. किरण मिळतात, फक्त थोडे पुढे जाऊन. आणि पुढे जाऊन मिळाले म्हणून प्रतिमा मोठी.

आकडे घालून बघा. समजा, भिंग नसतं तर प्रतिमा त्याच्यामागे ५० मिलिमीटरवर पडली असती. तिथे वजा १०० मिलिमीटर नाभीय अंतराचं अंतर्वक्र भिंग ठेवलं. आपलंच सूत्र: एक भागिले व्ही वजा एक भागिले यू बरोबर एक भागिले एफ. व्ही येतो १००. प्रतिमा ५० ऐवजी १०० मिलिमीटरवर गेली आणि दुप्पट झाली. फिल्म तर जागची हलत नाही, म्हणून लेन्सच ५० मिलिमीटर पुढे सरकवायची. नळकांड्याची लांबी त्यासाठी. ही युक्ती जुनी आहे. वूलिचच्या रॉयल मिलिटरी अकॅडमीत गणित शिकवणाऱ्या पीटर बार्लो यांनी १८३० च्या दशकात दुर्बिणीसाठी असं भिंग सुचवलं. आकाशनिरीक्षणाची आवड असलेले लोक आजही बार्लो लेन्स वापरतात. आणि या सभागृहात ज्यांचा नंबर मायनसचा आहे, त्यांच्या नाकावरही अंतर्वक्र भिंगच आहे. डोळ्यातलं भिंग प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पाडतं, चष्म्याचं अंतर्वक्र भिंग ती मागे ढकलून पडद्यावर आणतं. वास्तव प्रतिमा. पण ती पाडतं डोळ्यातलंच भिंग; चष्म्याचं भिंग एकटं आपला नियमच पाळतं.

आता कॅमेऱ्याकडे येते. माझा कॅमेरा हॅसलब्लाड ५०० सी/एम, जुना, वापरलेला घेतलेला. याला मिडियम फॉरमॅट म्हणतात. आपल्या लहानपणी घरोघरी जो ३५ मिलिमीटरचा रोल असायचा, त्याची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर. याची ५६ बाय ५६. क्षेत्रफळ साडेतीनपटीहून जास्त. १२० च्या एका रोलवर फोटो फक्त बारा. फिल्म मोठी असल्यामुळे फोटो मोठा केला तरी भुरभुरीत होत नाही, झाडाचं पान न् पान दिसतं. स्टुडिओवाले लग्नांत आणि ग्रुप फोटोला हाच रोल वापरायचे, ते याचसाठी.

पण मोठ्या फिल्मची एक अडचण असते. चौकट मोठी, म्हणून दूरचं जवळ आणायला लेन्सही तेवढीच लांब लागते. छोट्या कॅमेऱ्यावर २०० मिलिमीटरची लेन्स जे काम करते, त्यासाठी इथे साडेतीनशेच्या पुढे जावं लागतं. हॅसलब्लाडसाठी झाइस कंपनीच्या ३५० आणि ५०० मिलिमीटरच्या लेन्स होत्या. उत्तम लेन्स, पण वजन आणि किंमत दोन्ही न पेलणारी. माझ्याकडे ८० आणि १५० होत्या. झाइसचाच हा दोन पटीचा मुटार कन्व्हर्टर घेतला आणि १६० आणि ३०० पण झाल्या. दोन लेन्सच्या चार.

फुकट काही मिळत नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. लेन्समधून जेवढा उजेड आत आला तेवढाच आला. तो आता दुप्पट लांब आणि दुप्पट रुंद जागेवर पसरवायचा, म्हणजे प्रत्येक ठिकाणी पाव. पोळीवर तेवढंच तूप चौपट जागेवर लावण्यासारखं. फोटोग्राफीच्या भाषेत दोन स्टॉपचं नुकसान. लेन्सवर एफ/४ लिहिलंय, पण प्रत्यक्षात ती एफ/८ झाली. १.४ पटीच्या कन्व्हर्टरमध्ये क्षेत्रफळ दुप्पट होतं, म्हणून तिथे नुकसान एकाच स्टॉपचं.

नव्या कॅमेऱ्यांत हा हिशेब कॅमेराच करतो, कारण उजेड मोजणारा मीटर लेन्सच्या मागे असतो. माझ्या कॅमेऱ्यात मीटरच नाही. मी हातातल्या मीटरने मोजते, आणि त्या बिचाऱ्याला कन्व्हर्टर लावलाय हे कळायला मार्ग नाही. दोन स्टॉप आपणच वाढवायचे. भर उन्हात, १०० च्या फिल्मवर मीटर म्हणतो एफ/८ ला सेकंदाचा पाचशेवा भाग. मी लेन्स एफ/८ वर ठेवली, तर ती झाली एफ/१६, आणि वेळ झाला सव्वाशेवा भाग. ३०० मिलिमीटरची लेन्स हातात धरायची तर तीनशेव्या भागाहून कमी वेळ हवा, असा जुना आडाखा आहे. म्हणजे रखरखीत उन्हातसुद्धा ट्रायपॉड लागतो. शिवाय या कॅमेऱ्यातला आरसा चांगला ऐसपैस आहे, तो वर उडताना सगळं हलवतो. म्हणून आरसा आधी वर करायचा, दोन सेकंद थांबायचं आणि मग केबलने शटर दाबायचं.

दृश्यदर्शकात बघितलं तर तिथेही अंधार. फोकस साधायला मधोमध जे दुभंगलेलं वर्तुळ असतं, त्याचा अर्धा भाग काळा पडतो. मग आजूबाजूच्या साध्या दुधी काचेवर फोकस करायचा, काळं कापड डोक्यावर घेऊन.

आणि या कॅमेऱ्याची आणखी एक खासियत. याचं शटर कॅमेऱ्यात नसून प्रत्येक लेन्समध्ये असतं. चावी दिल्याचा जोर कॅमेऱ्यातून एका दांड्याने लेन्सपर्यंत जातो. त्यामुळे कन्व्हर्टर नुसता भिंगांचा डबा असून चालत नाही, त्यालाही तो दांडा आरपार न्यावा लागतो. लावतानाची शिस्त ठरलेली आहे: कॅमेरा आणि लेन्स दोन्हींना चावी दिलेली हवी, आधी कॅमेऱ्यावर कन्व्हर्टर, मग त्यावर लेन्स. काढताना उलट, आधी लेन्स. शिस्त मोडली तर सगळं अडकून बसतं. आपल्या बँडपथकाच्या सरांनी रांगेत उभं राहायला शिकवलं होतं ना, तसंच.

आता मुख्य प्रश्न. एका रविवारी आमच्या सोसायटीतल्या मेकॅनिकल इंजिनिअरने मला विचारलं, “एवढा खटाटोप कशाला? १५० नेच फोटो काढ आणि मधला भाग कापून मोठा कर.” प्रश्न अगदी बरोबर आहे. दोन पटीचा कन्व्हर्टर नाहीतरी लेन्सच्या प्रतिमेचा मधला २८ बाय २८ मिलिमीटरचाच भाग घेतो आणि तो ५६ बाय ५६ वर पसरवतो. तो मधला भाग नंतर कापला तर फरक काय?

फरक आहे तो मोठं कधी केलं यात. ढोबळ हिशेब सांगते. समजा, लेन्स मधल्या भागात एका मिलिमीटरमध्ये ८० बारीक रेघजोड्या वेगळ्या दाखवू शकते, पण फिल्म त्यातल्या ५० च टिपू शकते. कन्व्हर्टर न लावता फोटो काढला तर ८० पैकी ५० हाती आल्या, उरलेल्या गेल्या. नंतर कितीही मोठं करा, परत येणार नाहीत. कन्व्हर्टर लावला तर ८० रेघजोड्या ताणून मिलिमीटरला ४० झाल्या. तेवढ्या फिल्मला सहज झेपतात. म्हणजे जवळजवळ सगळ्या आल्या. फायदा दुपटीचा नाही, दीडपटीच्या आसपास, पण खरा फायदा आहे.

पण लेन्सच सुमार असेल, ५० च्या पुढे दाखवतच नसेल, तर कन्व्हर्टर काय ताणणार? तिचे दोषच दुप्पट करून दाखवणार. आणि गेलेले दोन स्टॉप भरून काढायला तुम्ही १०० ऐवजी ४०० ची फिल्म भरलीत, तर तिचे कण मोठे, ती टिपणारच कमी. एका हाताने मिळवलेलं दुसऱ्या हाताने गेलं. म्हणून माझा नियम सोपा आहे: लेन्स चांगली असेल, ट्रायपॉड असेल आणि समोरचं दृश्य थांबणारं असेल, तर कन्व्हर्टर. नाहीतर नुसता फोटो काढायचा आणि मधला भाग कापायचा.

हे मी गच्चीवरून करून बघितलंय. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत आहे, खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ. १५० वर एक अख्खा रोल त्यासाठी खर्च केला. कन्व्हर्टरसकट लेन्स पूर्ण उघडी, म्हणजे एफ/४ वर ठेवली, तर अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या. लेन्स एफ/८ वर आणली की कडा रेखीव झाल्या आणि खालची ओळ वाचता आली. एफ/११ ला काही विशेष वाढलं नाही, उजेड मात्र आणखी कमी झाला. कन्व्हर्टर न लावता काढलेल्या फोटोचा मधला भाग मोठा केला, तर मोठी अक्षरं स्वच्छ, पण खालची ओळ कणांमध्ये हरवलेली. चौकटीचे कोपरे मात्र कन्व्हर्टर लावल्यावर मऊच राहिले. हे सांगायलाच हवं.

दोन फायदे असे आहेत जे फोटो कापून मिळत नाहीत. पहिला जवळचा. माझी १५० ची लेन्स १.४ मीटरपर्यंत फोकस होते. कन्व्हर्टर लावल्यावरही १.४ मीटरच, पण प्रतिमा दुप्पट. खरी ३५० ची लेन्स असती तर किमान साडेचार मीटर मागे जावं लागलं असतं. फुलपाखरू दचकणार नाही इतक्या अंतरावरून ते चौकटीत मोठं येतं आणि ५६ मिलिमीटरची फिल्म पूर्ण वापरली जाते. फक्त फोकसची खोली अर्धी होते. डोळा साधला तर पंखाचं टोक सुटतं.

दुसरा फायदा झाइसच्या पीसी-मुटार नावाच्या १.४ पटीच्या कन्व्हर्टरचा. लेन्सने टाकलेलं प्रकाशाचं वर्तुळही १.४ पट मोठं होतं, म्हणजे चौकटीभोवती जागा शिल्लक राहते. त्या जागेचा उपयोग करून हा कन्व्हर्टर लेन्स १६ मिलिमीटरपर्यंत वर-खाली सरकवू देतो. कॅमेरा वर न झुकवता देवळाचं शिखर चौकटीत येतं, आणि देऊळ मागे कललेलं दिसत नाही. एरवी वाया जाणारी गोष्ट कामाला लावली.

एक इशारा. सिंहगडावरून राजगड आणि तोरणा दिसतात हे तुम्हाला माहीत आहे. ते “जवळ आणायला” मी मे महिन्यात गेले असते तर धूळ, दमट हवा आणि उन्हाने थरथरणारं क्षितिज, सगळं दुप्पट घेऊन आले असते. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या स्वच्छ सकाळी मात्र राजगडाच्या बालेकिल्ल्याची कड सुरीने कापल्यासारखी येते.

आता शेवटचा भाग, आणि तो तुमच्या माझ्या सगळ्यांचा आहे.

या स्मरणिकेची तयारी चालू असताना आपल्या शिपाईमामांच्या मुलीने समितीकडे एक विनंती केली. मामा २००४ साली गेले. घरी त्यांचा सर्व्हिस बुकासाठी काढलेला एक फोटो आहे, पण त्यात ते आपले मामा वाटतच नाहीत. हसणारे मामा आपल्या १९९५ च्या दहावीच्या ग्रुप फोटोत आहेत, मागच्या रांगेत उजव्या टोकाला, घंटा वाजवून तसेच येऊन उभे राहिलेले. तो फोटो मोठा करून मिळेल का? समितीने काम माझ्याकडे दिलं. “तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयने स्वच्छ करून टाक.”

मी करून बघितलं. छापील फोटोवरून चेहरा कापला, प्रोग्रॅमला दिला. एका मिनिटात लखलखीत चेहरा आला. पापण्या, दात, कपाळावरच्या आठ्या. तोच चेहरा पुन्हा दिला, तर दुसराच माणूस आला. तितकाच लखलखीत. दोन्ही मामा नव्हते. प्रोग्रॅमने खोडसाळपणा केला नव्हता. त्याला जे दिलं नव्हतं ते त्याने हजारो इतर चेहऱ्यांवरून भरलं होतं.

मग मी फोटोग्राफरकाकांच्या दुकानात गेले. काका आता नाहीत, मुलगा मोबाइलचं दुकान चालवतो, पण माळ्यावर पाकिटं वर्षवार लावलेली होती. आपली निगेटिव्ह मिळाली. काकांचा याशिका दोन भिंगांचा होता, १२० च्या रोलचा, ५६ बाय ५६. रांगेत पंधरा जणं, म्हणजे फिल्मवर मामांचा चेहरा साधारण दीड मिलिमीटर. मिलिमीटरला ५० रेघजोड्या धरल्या तर अख्ख्या चेहऱ्याला ७५. बस, तेवढंच. कुठलाही कन्व्हर्टर आता त्यात भर घालू शकत नाही, कारण जे काही ताणायचं ते फिल्मवर पडण्याआधी ताणायचं असतं. तो क्षण १९९५ साली होऊन गेला. पण ७५ रेघजोड्याही काही कमी नाहीत. ३५ मिलिमीटरच्या रोलवर असता तर आडव्या ३६ मिलिमीटरमध्ये तीच रांग बसवताना चेहरा जेमतेम एक मिलिमीटरचा झाला असता.

निगेटिव्ह नीट स्कॅन केली, धूळ काढली, बाकी काही घातलं नाही. चार सेंटिमीटर उंचीचा चेहरा छापला. कण दिसतात, भुवया नीट मोजता येत नाहीत. पण हसणं मामांचं आहे. मुलीपुढे तिन्ही ठेवले: प्रोग्रॅमने केलेले दोन आणि हा. सांगितलं काहीच नाही. तिने दोन लखलखीत फोटो नीट पाहिले आणि बाजूला ठेवले. तिसरा हातभर अंतरावर धरला आणि म्हणाली, “हे बाबा. घंटा देऊन आल्यावर असेच दिसायचे.” तो फोटो या स्मरणिकेत आहे, मोठा न करता, चार सेंटिमीटरचाच. समितीतल्या काहींना तो पानभर हवा होता. मी नको म्हणाले, आणि आज सगळ्यांसमोर कारण सांगितलं.

म्हणून एक विनंती करून थांबते. तुमच्याकडे शाळेच्या वेळचे फोटो असतील तर फोटोबरोबर निगेटिव्हही शोधा. त्या तपकिरी पट्ट्या कचरा समजून टाकू नका. छापील फोटोत जे दिसत नाही ते बऱ्याचदा निगेटिव्हमध्ये असतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, साध्या कागदी पाकिटात, कोरड्या जागी, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा. आणि स्कॅन करायच्या असतील तर माझ्याकडे द्या, मी करून परत देईन. आज जेवणानंतर मी डावीकडच्या दाराशी बसणार आहे. कॅमेराही आणलाय. बाई, तुम्ही आधी या. कन्व्हर्टर लावून दुधी काचेवर अंतर्वक्र भिंगाची वास्तव प्रतिमा दाखवते. दोन गुण देणार की कापणार, ते तुम्ही ठरवा.